गेटच्या आतला नारळ

आधीच सांगून ठेवतो ताई, मी कोल्हापूरची, आणि आम्ही कोल्हापूरच्या बायका मी आलो, मी गेलो असंच बोलतो. इथं अमेरिकेत, मिशिगनच्या ट्रॉयमध्ये येऊन पंचवीस वर्षं होत आली तरी माझी ती सवय गेली न्हाई. तुम्ही पुण्याच्या, तुम्ही लिहिताना ते आले-गेले करून ठेवाल, तर तसं करू नका. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात छापणार म्हणताय ना, छापा, पण मी बोलतो तसंच छापा. आणि मंडळाच्या बायकांबद्दल पण जे बोलीन ते कापायचं न्हाई.

तर मी शैला माने. माहेर कोल्हापूरच्या पेठेतलं. आता कोल्हापूर म्हंटलं की तुम्हाला तांबडा रस्सा आठवणार, चप्पल आठवणार, पण आमच्या घरात दोनच विषय होते, एक फाउंड्री आणि दुसरा फुटबॉल. माझे आप्पा उद्यमनगरात फाउंड्रीत मोल्डर होते, म्हणजे वाळूचे साचे करायचे, त्यात लोखंड ओतायचं, असलं काम, आणि संध्याकाळी तालमीच्या, म्हणजे पेठेच्या क्लबच्या, टीमचे गोलकीपर. काय सांगू तुम्हाला, आख्ख्या हिंदुस्थानात लोक क्रिकेट खेळतात आणि आमच्या पेठा फुटबॉलवरनं एकमेकांशी महिना महिना बोलत न्हाईत. नॉकआउट टुर्नामेंट असायची, हरला की बाहेर, आणि मॅचच्या दिवशी पेठेतली दुकानं बंद, सगळे बाप्ये स्टेडियमला, आणि बायका घरात कान देऊन बसलेल्या, आरडा ऐकून ओळखायच्या गोल कुणी मारला.

आमच्या तालमीत एक रीत होती. मॅचच्या आधी गोलपोस्टच्या बुडाशी नारळ फोडायचा, आणि तो नारळ गोलकीपरच्या घरनंच यायला पाहिजे. आमच्या घरी मुलगा न्हवता, मी एकटी, मग तो नारळ घेऊन जायचं काम माझं. आई नारळाला हळदकुंकू लावून द्यायची, मी तो पदरात, म्हणजे फ्रॉकच्या घेरात धरून पळत स्टेडियमच्या गेटपर्यंत जायचो. गेटपर्यंतच. आत पोरींना, बायकांना कोण सोडतंय? तालमीचा एक माणूस गेटच्या गजांतनं हात बाहेर काढायचा, मी नारळ द्यायचो, तो आत जाऊन फोडायचा, आणि मी बाहेर उभा राहून नारळ फुटल्याचा आवाज ऐकायचो. एवढ्या मॅचा झाल्या, पण आप्पांच्या पोस्टवर नारळ फुटताना मी कधी डोळ्यानं बघितला न्हाई. एकदा मी म्हंटलं आप्पा, एक दिवस मी फोडतो की. आप्पा हसले, म्हणाले फोड की, कोण न्हाई म्हणतंय. पण न्हाई म्हणणारे लई होते, ते गेटवरच उभे होते.

लग्न झालं ते पण फाउंड्रीवाल्याशीच. आमचे हे मेटलर्जीचे इंजिनिअर, इकडं डेट्रॉइटच्या बाजूला गाडीचे पार्ट ओतायच्या कंपनीत लागले, मी मागनं आलो. मी काय शिकलेली न्हाई फार, बी.ए. हाय, पण इथं त्याला कोण विचारतंय. पोरगी शाळेत जायला लागली तसं मी पण त्याच शाळेच्या किचनमध्ये लागलो, तेव्हापासनं तिथंच हाय. केसाला जाळी, हातात ग्लोव्हज, आणि पोरांच्या ट्रेमध्ये पिझ्झा, टेटर टॉट्स म्हणजे बटाट्याचे तळलेले गोळे, उकडलेलं ब्रोकोली जे कुणीबी खात न्हाई. मंडळात कुणी विचारलं तर आमच्या ह्यांना वाटायचं मी फूड सर्व्हिसमध्ये हाय असं सांगावं. मी सांगतो शाळेत जेवण वाढतो. त्यात लाजायचं काय हाय?

आणि पोरगी, अनुजा, ती जन्मली इथं, अमेरिकन, पण आप्पांचे हात घेऊन आली. आठवीत असताना तिच्या टीमची गोलकीपर आजारी पडली आणि ही उभी राहिली ती तिथंच राहिली. तिची प्रत्येक मॅच मी बघितली, मिशिगनच्या थंडीत घोंगडं पांघरून बघितली, पण नारळ कधी फोडला न्हाई. शाळेचं ग्राउंड, लायबिलिटी, इन्शुरन्स, टर्फ खराब होईल, एकदा कोचला विचारलं तर तो माझ्याकडं असा बघायला लागला जणू मी बॉम्ब फोडायचा म्हणतोय. म्हंटलं राहू दे बाबा.

कॉलेज झालं आणि ही म्हणाली आई, मी फ्रान्सला जाते, तिथल्या शाळेत इंग्लिश शिकवायची नोकरी आहे एक वर्षाची. आमचे हे म्हणाले बरं. मंडळातल्या बायका म्हणाल्या अय्या पॅरिस! आवो कसलं पॅरिस. पार उत्तरेला एक खेडं, त्याचं नाव मला आजबी नीट म्हणता येत न्हाई, चहूकडं बिटाची शेतं आणि मधी एक साखर कारखाना. तिथं साखर उसाची न्हाई, बिटाची करतात. आणि त्या गावात बायकांचा एक फुटबॉल क्लब, हौशी, कुणाला एक युरो मिळत न्हाई. त्यांना गोलकीपर पाहिजे होता, ही गेली.

आता हे कपचं प्रकरण तुम्हाला नीट सांगतो, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. फ्रान्समध्ये आख्ख्या देशाचा एक नॉकआउट कप असतो, बाप्यांचा वेगळा, बायकांचा वेगळा, आणि त्यात कुणीबी उतरू शकतं. गल्लीतली टीम पण आणि ज्यांच्या पोरी टीव्हीवर दिसतात ती टीम पण. आधी लहान लहान क्लब आपसात खेळतात, हरला की बाहेर, आणि मग हिवाळ्यात, जानेवारीत, मोठे क्लब येतात. चिठ्ठ्या काढतात कोण कुणाशी. आणि त्यात एक रीत हाय, जी ऐकून मी खुर्चीतनं उठलो. लहान क्लबला लई मोठा क्लब लागला तर मॅच लहान क्लबच्या गावात. म्हणजे ज्यांच्याकडं सगळं हाय त्यांनी बस करून यायचं, चिखलात उतरायचं, तुमच्या मोडक्या बाकावर बसून बूट बांधायचे. म्हंटलं ही खरी रीत, ही आमच्या आप्पांना आवडली असती.

सप्टेंबरात पहिली मॅच जिंकल्या, दुसरी जिंकल्या, आणि अनुजानं फोनवर विचारलं, आई, इफ वी गेट अ बिग वन, विल यू कम? मी म्हंटलं येतो. नारळ घेऊन येतो. आमच्या पेठेत पोरीला आत सोडत न्हवते, तिथं तर सगळ्या पोरीच हाईत, तिथं मला कोण अडवतंय? मी माझ्या लेकीच्या पोस्टवर नारळ फोडणार. एवढंच पाहिजे होतं मला. बाकी काय मागितलं न्हवतं कुणाकडं.

मग माझ्या ध्यानात आलं की माझा पासपोर्ट इंडियन हाय.

आता बघा. पोरगी अमेरिकन, ती सकाळी उठून विमानात बसली तरी तिला कोण विचारत न्हाई. आम्हाला ग्रीन कार्ड मिळून किती वर्षं झाली, सिटिझन कधीच झालो असतो, पण आमच्या ह्यांचा हट्ट, पासपोर्ट सोडायचा न्हाई. का? तर म्हणे पासपोर्ट दिला की कोल्हापूर दिलं. आवो कोल्हापूर पासपोर्टात असतं होय? पंचवीस वर्षांत चारदा गेलेत कोल्हापूरला, त्यात दोनदा दात काढायला. आणि ह्यांचं ठरलं म्हणून माझं पण ठरलं, मला कुणी विचारलं न्हाई, मी पण कधी तोंड उघडलं न्हाई.

तर फ्रान्सचा व्हिसा. त्यासाठी ट्रॉयहून शिकागोला जायचं, पाच तास ड्राइव्ह, जाऊन बोटांचे ठसे द्यायचे. शिकागोजवळ शॉमबर्गला माझी मैत्रीण वर्षा राहते, नागपूरची, तिच्याकडं उतरलो. तिनं माझे कागद बघितले आणि कपाळावर हात मारला. म्हणाली अगं यार शैला, हे काय लिहिलंस, पर्पज काय तर लेकीची फुटबॉल मॅच? आणि दिवस किती तर चार? अगं तीन आठवडे लिही, आयफेल टॉवर लिही, हॉटेल बुक करून मग कॅन्सल कर, सगळे तेच करतात. मी म्हंटलं मला टॉवर बघायचा न्हाई. मला शाळेतनं सुट्टी चारच दिवस मिळणार, शुक्रवार ते सोमवार, मंगळवारी कामावर हजर, मग मी तीन आठवडे का मागू? खोटं का बोलू? ती म्हणाली तुझं तू बघ बाई.

व्हिसा सेंटरमध्ये काचेच्या मागं बसलेला पोरगा आपलाच, हैदराबादचा. मला वाटलं आपला माणूस हाय, समजून घेईल. कसलं काय! म्हणाला आंटी, कुठली मॅच? मी म्हंटलं जानेवारीतली. म्हणाला कुणाशी? मी म्हंटलं ते चिठ्ठ्या काढल्यावर कळणार. तो म्हणाला म्हणजे मॅच ठरलेली न्हाई? मी म्हंटलं बाळा, तारीख ठरलेली हाय, फेऱ्यांच्या तारखा वर्षाच्या आधीच ठरतात, फक्त त्या दिवशी कोण उरणार ते ठरलेलं न्हाई. तेव्हा ऑक्टोबर संपत आलेला, जानेवारीला पोचायला अजून तीन मॅचा जिंकायच्या होत्या.  तो म्हणाला आंटी, और हार गये तो? माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हंटलं तू तुझं काम कर. न्हाई हरणार. तो म्हणाला टुरिझम लिहितो, सोपं पडेल. मी म्हंटलं टुरिझम लिहायचं न्हाई, लेकीला भेटायला लिही, ते तर खरं हाय. शेवटी तसं लिहिलं.

तुम्हीच सांगा, हा काय न्याय झाला? नॉकआउटमध्ये पुढची मॅच हाय का न्हाई ते रविवारी कळतं, आणि आमच्यासारख्याला ते दोन महिने आधी कागदावर लिहून द्यायला पाहिजे. म्हणजे ह्या निळ्या पासपोर्टवाल्या माणसानं नॉकआउट बघायचाच न्हाई. त्यानं फक्त टॉवर बघायचे.

व्हिसा आला. मी खरं बोललो म्हणून मला अगदी जेवढं मागितलं तेवढंच दिलं, चार दिवस, शुक्रवार ते सोमवार, एक दिवस मागं न्हाई, एक दिवस पुढं न्हाई. वर्षाची वहिनी खोटं बोलून गेली होती तिला महिना मिळाला. मंडळाच्या हळदीकुंकवाला हे सांगितलं तर एक जण म्हणाली, बाई, फुटबॉलसाठी एवढा खटाटोप, आणि तो पण बायकांचा. मी वाण तिथंच ठेवलं आणि घरी आलो. ती कोण ते मी सांगत न्हाई, तिला वाचून कळेल.

आणि पोरी जिंकत गेल्या बघा! एक मॅच पावसात एक-शून्य. एक पेनल्टीवर, त्यात अनुजानं दोन अडवल्या, आणि मी इकडं किचनच्या स्टोअररूममध्ये पिठाच्या पोत्यावर बसून फोन कानाला लावलेला. तिसरी जिंकल्या तेव्हा मी हैदराबादच्या पोराचा विचार केला, म्हंटलं ये बाळा आता. मग चिठ्ठ्या निघाल्या. क्लबच्या खोलीत सगळ्या जमून बघत होत्या, अनुजानं फोन धरला होता, आणि जी किंकाळी आली ती मला अजून ऐकू येते. पहिल्या नंबरच्या लीगमधला क्लब, शहराचा, ज्यांच्या पोरी त्यांच्या देशाकडनं खेळतात, तो येणार होता. बिटाच्या गावात.

मी जॅक्सन हाइट्स, डेव्हॉन असल्या मोठ्या देशी बाजारात कुठं गेलो न्हाई, इथल्याच इंडियन ग्रोसरीतनं नारळ घेतला, कानाशी हलवून पाणी वाजतंय ते बघून, शेंडीवाला. हे म्हणाले विमानात नारळ नेत न्हाईत. मी वाचून बघितलं होतं, फ्रान्सला नारळ नेता येतो. तरी डेट्रॉइटच्या एअरपोर्टला सिक्युरिटीच्या बाईनं बॅग उघडली, नारळ बाहेर काढला, हलवला, तिला आत काहीतरी गुडगुडतंय असं वाटलं, दुसऱ्याला बोलावलं, तिसऱ्याला बोलावलं. मागं लाइन लागली. मी म्हंटलं इट इज कोकोनट. ती म्हणाली आय नो इट्स अ कोकोनट मॅम, व्हाय डू यू हॅव इट? आता ह्याचं उत्तर मी तिथं बूट काढून नुसत्या मोज्यांवर उभा राहून काय देणार? म्हंटलं फॉर माय डॉटर. सोडलं एकदाचं.

त्या गावात स्टेशनला उतरलो आणि पहिला श्वास घेतला तर काय, मळीचा वास! आपल्याकडं कारखान्याच्या बाजूनं वारा आला की येतो तोच, गोड, जड, नाकात बसणारा. मला भडभडून आलं. अनुजा म्हणाली आई, आय नो, इट स्टिंक्स. मी म्हंटलं गप बस, हा आपल्या गावचा वास हाय.

क्लबची अध्यक्षबाई, सोलांज नावाची, माझ्याच वयाची, बेकरीत काम करते. तिला इंग्लिश येत न्हाई, मला फ्रेंच येत न्हाई. तिनं माझे हात हातात घेऊन बघितले, भाजल्याचे डाग बघितले, आपले दाखवले, झालं, आमची ओळख झाली. टीममध्ये एक नर्स, एक कारखान्याच्या लॅबमधली, एक गाईची डॉक्टर. शनिवारभर आख्खं गाव ग्राउंडवर. मांडव घातला, सुपाची पातेली आली, बाप्ये बाकडी वाहत होते, आणि ग्राउंडवर थंडी धरू नये म्हणून गवताच्या पेंढ्या पसरून वर ताडपत्री. मी पण पेंढ्या वाहिल्या. गेट उघडं होतं. मी नारळ पिशवीत घेऊन सरळ आत गेलो, गोलपोस्टपर्यंत गेलो, पोस्टला हात लावला. कुणी अडवलं न्हाई ताई. सोलांजनं नारळ बघितला, अनुजानं तिला सांगितलं, आणि सोलांजनं पोस्टच्या बुडाशी एक मोठा दगड आणून ठेवला, मला खुणेनं म्हणाली इथं, उद्या. नारळ खेळाच्या तोंडावरच फोडायचा असतो, आदल्या दिवशी न्हाई, न्हाईतर मी तिथंच फोडला असता. आता वाटतं फोडायला पाहिजे होता.

रविवारी सकाळी उठलो तर खिडकीची काच आतनं पांढरी. ग्राउंडवर गेलो. ताडपत्री काढली, पेंढ्या काढल्या, आणि खाली जमीन दगडासारखी. रेफरी आला, चांगले कपडे घातलेला, त्यानं टाच आपटली, बॉल टाकला, तो टणकन डोक्यावर उडाला. मान हलवली. गावातले बाप्ये त्याच्याशी हातवारे करून बोलत होते, एक म्हातारा तर किटलीनं गरम पाणी ओतत होता. रेफरी म्हणाला पाय मोडतील पोरींचे. त्याचं खोटं न्हवतं, माझीच पोरगी त्यावर उड्या मारणार होती. पण तुम्हाला सांगतो, त्या मोठ्या क्लबच्या ग्राउंडखाली म्हणे गरम पाण्याचे पाइप असतात, तिथं कधी बर्फ धरत न्हाई. थंडी सगळ्यांना सारखीच पडते म्हणतात ते खोटं हाय. मोठ्यांच्या खाली पाइप असतात.

मॅच पुढं ढकलली, बुधवारी, संध्याकाळी सहाला.

माझा व्हिसा सोमवारपर्यंत.

मी गोलपोस्टशी, त्या दगडाशी उभा होतो, पिशवी हातात. अनुजा धावत आली, म्हणाली आई, स्टे, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, हू विल चेक? मी ट्रॉयला फोन लावला. हे म्हणाले खुळी झालीस काय, एक दिवस जास्त राहिलीस तर शिक्का बसतो, पुन्हा कधी व्हिसा देणार न्हाईत, उद्या ग्रीन कार्डला अडचण, तू आधी विमानात बस. मी म्हंटलं व्हिसा वाढवून मिळतो का विचारा. विचारलं, सोलांज माझा हात धरून तिथल्या पोलिसांकडं पण घेऊन गेली. आजारी असेल, विमान रद्द झालं असेल तर बघू म्हणाले. अनुजानं समजावून सांगितलं की ग्राउंड गोठलं. तो माणूस हसला, वाईट न्हाई, चांगला हसला, पण मान त्या रेफरीसारखीच हलवली. तिथं जर मी पोट धरून बसलो असतो, आई गं म्हंटलं असतं, तर दोन दिवस मिळाले असते. अनुजा मला डोळ्यानं खुणावत होती. पण मला खोटं जमलं न्हाई. शिकागोत जमलं न्हाई, तिथंबी जमलं न्हाई. माझा मलाच लई राग आला. आणि खरं सांगू, राग माझा का यावा? खरं बोलणाऱ्याला चार दिवस आणि खोटं बोलणाऱ्याला महिना, हे ज्यांनी ठरवलं त्यांचा यायला पाहिजे.

सोमवारी सकाळी स्टेशनला जाताना म्हंटलं ग्राउंडवरनं जाऊ. गेटला साखळी, कुलूप, सोलांज बेकरीत, चावी तिच्याकडं. मी गजांतनं आत बघितलं. पोस्ट दिसत होती, दगड दिसत होता. मी पिशवीतनं हळदकुंकू लावलेला नारळ काढला आणि पोरीच्या हातात दिला. सांगितलं, शेंडी पोस्टकडं करायची, एका दणक्यात फोडायचा, पाणी पोस्टवर शिंपडायचं, खोबरं सगळ्यांना द्यायचं, समोरच्या टीमला पण द्यायचं. ती म्हणाली ओके आई, आय विल. आणि तिथं गेटवर उभा राहून माझ्या ध्यानात आलं, एवढा समुद्र ओलांडून आलो आणि पुन्हा गेटवरच नारळ दुसऱ्याच्या हातात देऊन चाललोय. मी रडलो न्हाई. मला संताप आला होता. विमानात पण आला होता, मिशिगन येईपर्यंत उतरला न्हाई.

बुधवारी तिकडचे संध्याकाळचे सहा म्हणजे इकडं दुपारचे बारा, लंचची ऐन गर्दी. तिथल्या त्या किटलीवाल्या म्हाताऱ्यानं काठीला फोन बांधून लाइव्ह लावलं होतं. मी माझा फोन टेटर टॉट्सच्या ट्रेला टेकवला. आमची सुपरवायझर डेब आली, म्हणाली शायला, फोन अलाउड न्हाई, यू नो द रूल. माझं डोकंच फिरलं. म्हंटलं डेब, एका रूलनं मला चार दिवस दिले, एका रूलनं ग्राउंड बंद केलं, एका रूलनं मला घरी पाठवलं, आता तुझा चौथा रूल तू माझ्यापुढं आणू नकोस, ती बघ ती हिरव्या जर्सीतली माझी पोरगी हाय. असं मी कधी कुणाला बोललो न्हवतो इथं.  डेबनं फोन उचलला, मला वाटलं गेला आता, तर तिनं तो वर, जेवण गरम ठेवायच्या वॉर्मरवर ठेवला, दोघींना दिसेल असा, आणि स्वतः माझ्या शेजारी पिझ्झा वाढायला उभी राहिली.

म्हातारा अर्धा वेळ आभाळ दाखवत होता, अर्धा वेळ स्वतःचा अंगठा. मी इकडनं ओरडतोय आजोबा, बॉल दाखवा! पण हाफ टाइमपर्यंत शून्य-शून्य ताई. देशाकडनं खेळणाऱ्या पोरी आणि आमची इंग्लिशची मास्तरीण उडी मारून बॉल बाहेर काढतेय. एका पोराला मी तीनदा ब्रोकोली वाढलं. आणि म्हाताऱ्यानं एकदाचा फोन गोलकडं वळवला, आणि पोस्टच्या मागं, त्या दगडावर, पाण्याच्या बाटलीशेजारी मला काय दिसलं? नारळ. आख्खा! शेंडीसकट, हळदकुंकू लावलेला, फोडलेला न्हाई!

मी डेबला म्हंटलं शी डिड नॉट ब्रेक इट! डेबला काय कळणार. म्हंटलं आवो नारळ फोडायचा असतो, बसवून ठेवायचा नसतो!

दुसऱ्या हाफमध्ये चार गोल झाले. पहिला ऑफसाइड होता, मी मरेपर्यंत सांगीन तो ऑफसाइड होता. बाकीचे तीन त्यांनी मारले, मान्य हाय, त्या भारी होत्या. संपल्यावर त्या मोठ्या टीमच्या गोलकीपरनं येऊन अनुजाला मिठी मारली, तेवढं दिसलं, मग पुन्हा अंगठा.

रात्रीची वाट न बघता मी पार्किंगमधनं फोन लावला. म्हंटलं का न्हाई फोडलास? तुझ्या आजोबांच्या तालमीत एक मॅच नारळाशिवाय झाली न्हाई. ती दमली होती, हरली होती, तरी हसत होती. म्हणाली आई, मी घेऊन गेले होते पोस्टपाशी, पण सोलांज म्हणाली नाही. टीमनं ठरवलं. ज्या आईनं आणला तीच फोडणार, हर कोकोनट, हर रूल. म्हणून आम्ही तो ठेवलाय. आता तो क्लबच्या कपाटात हाय, त्यांचे जुने कप हाईत त्यांच्या मधी. सोलांज दर आठवड्याला त्याच्यावरची धूळ पुसते म्हणे.

मी तिथं गाडीत बसून मग रडलो. तेवढा वेळ रडलो न्हवतो.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, तुम्हाला तुमचा पासपोर्ट ठेवायचा असेल तर ठेवा, कपाटात ठेवा, त्यावरची धूळ मी पुसीन, पण मी सिटिझन होणार. हे म्हणाले आणि कोल्हापूर? मी म्हंटलं कोल्हापूर मी बोलतो त्यात हाय, कोल्हापूर त्या नारळात हाय, आणि त्याच कोल्हापुरानं मला गेटच्या आत घेतलं न्हवतं, ते पण माझ्या ध्यानात हाय.  दोन दिवसांनी ह्यांनीच सिटिझनच्या इंटरव्ह्यूला विचारतात ते प्रश्न छापून आणले आणि जेवताना मला विचारायला बसले, तोंड वाकडं करून, पण बसले. आता माझा इंटरव्ह्यू झालाय, शपथ राहिलीय. निळा पासपोर्ट जाणार आणि दुसरा निळाच येणार. आपला पासपोर्ट द्यायचा म्हंटलं की मला पण छातीत कळ येते, न्हाई असं न्हाई. पण मला कुणी ह्यातलं एक निवडायला लावायलाच नको होतं, हे माझं म्हणणं हाय, आणि हे तुम्ही ठळक छापा.

अनुजाची नोकरी आणखी एक वर्ष वाढली. सप्टेंबरात पुन्हा कप सुरू. मला आता मोठी टीम पण नको, जानेवारी पण नको, पहिल्याच फेरीला जाणार, शेजारच्या गावाशी असली तरी चालेल, चाळीस माणसं बघायला असली तरी चालेल. तोपर्यंत नारळाचं पाणी आटलं असेल, आत गोटा सुटला असेल, हलवला तर खुळखुळा वाजेल. वाजू दे. सगळ्या पोरींचे हातपाय धड राहू देत, सोलांजची बेकरी चालू राहू दे, आणि त्या हैदराबादच्या पोराची आई त्याला कुठं भेटायला निघाली तर तिला कुणी अडवू नये, एवढंच मागतो.

जन्मभर नारळ नेला आणि गेटवर दुसऱ्याच्या हातात दिला. हा एकच असा हाय जो कुणी माझ्याशिवाय फोडला न्हाई.